कारण आई ११४०

१

फ्रिजचं दार सताड उघडं होतं आणि मधला कप्पा रिकामा होता.

"सकाळी दहाला मी स्वतः पाहिलंय," सुतळी म्हणाली. "इथेच होतं, बाई. राखीवचं खोकं इथेच होतं."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासापूर्वी दवाखान्याच्या बागेत पाणी घालताना माळीणमावशींना नळीच्या वेटोळ्यात दडून बसलेला साप चावला होता. वॉर्डात होत्या तेवढ्या विषउताऱ्याच्या बाटल्या देऊन झाल्या होत्या. पुढचा डोस औषध भांडाराच्या फ्रिजमधल्या राखीव खोक्यातून यायचा होता, आणि ते खोकं गायब होतं.

"दोनच्या आत दुसरा डोस गेला पाहिजे," मोठे डॉक्टर, म्हणजे इथले वैद्यकीय अधीक्षक, दारातूनच म्हणाले. "त्यांच्या पापण्या आत्ताच जड झाल्यात. पुढे श्वास अडकेल. दुसऱ्या सरकारी दवाखान्यातून आणायचं तर जाऊन-येऊन तीन तास."

मी आपली हाताचं प्लॅस्टर दाखवायला आले होते. न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडून बसले. पण या दवाखान्यात मी परकी नाही. एकोणतीस वर्षं इथे टायपिस्ट होते. इथून बाहेर पडणारं एकही पत्र माझ्या बोटांखालून गेल्याशिवाय गेलं नाही, म्हणून सगळे मला टंकबाई म्हणतात. संध्याकाळी घरी टायपिंगचा क्लास घ्यायचे, अजूनही घेते. भांडार सांभाळणारी सुतळी त्याच क्लासातली. तेव्हा अंगाने इतकी किडकिडीत होती की पोरींनी नाव पाडलं, आणि आता चाळिशीला टेकली तरी ते सुटलेलं नाही.

"कुलूप फोडलेलं नाही," छोटे साहेब खाली वाकून पाहत म्हणाले. छोटे साहेब म्हणजे दवाखान्याचा कारभार पाहणारे अधिकारी. शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही असा माणूस. "किल्ली कुणाकडे असते?"

सुतळीने गळ्यातली दोरी वर काढली. किल्ली तिथेच होती.

"दुसरी तुमच्या टेबलाच्या खणात असते," ती म्हणाली.

"ती गेल्या आठवड्यात मोठ्या सिस्टरांनी नेली. परत केलेली मला आठवत नाही." बोलता बोलता त्यांनी सुतळीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं बटण दाबलं. "खोकं कुणाला दिल्याची नोंद तरी आहे का, बघू."

उठताना सुतळी बंद करून गेलेला काळा पडदा उजळला. छोट्या साहेबांनी वाचलं, परत एकदा वाचलं, आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही हे बघाच."

२

पडद्यावर औषधांच्या साठ्याची यादी नव्हती. रजेचा अर्ज होता.

*माननीय वैद्यकीय अधीक्षक यांस, सविनय अर्ज की, मला आठ दिवसांची रजा मिळावी. कारण आई११४०*
*ओश०२*

एवढंच. पुढे कर्सर लुकलुकत होता.

"हिची आई शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी पडून आहे ना?" छोटे साहेब म्हणाले. "तीन आठवडे नंबर लागत नाही. आणि विषउतारा आजकाल कुठेच मिळत नाही, ज्याच्या हातात ते खोकं पडेल तो हवं ते काम करून देईल. आई, अकरा चाळीस. म्हणजे अकरा चाळीसला कुणीतरी येणार होतं. खोकं गेलं. मग हिला अर्जात खरं लिहावंसं वाटलं. ओशाळले म्हणून लिहायला बसली, 'ओश' पर्यंत आली, आणि हात थांबला."

"शून्य दोन काय मग?" मी विचारलं.

"घाईत बोटं पडली. तुम्ही टायपिस्ट, तुम्हाला कळायला हवं."

सुतळीचा चेहरा उतरला होता. "'कारण' इथपर्यंत माझं आहे," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, त्याच्या पुढे मला लिहिताच येत नाहीये. सव्वाअकराला भावाचा फोन आला म्हणून मी मागच्या अंगणात गेले. पंचवीस मिनिटं बोलत होते. तेवढ्यात सलाइनची गाडी आली, ती उतरवून घेत मी साडेबारापर्यंत मागच्याच दारात होते. या खुर्चीत परत बसलेच नाही."

"म्हणजे पंचवीस मिनिटं तुला पाहणारं कुणी नाही," छोटे साहेब म्हणाले. "डॉक्टर, मी पोलिसांना फोन करतो."

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "टंकबाई, या दवाखान्यातल्या प्रत्येकाचं लिहिणं तुम्हाला माहीत आहे. हे तिने लिहिलंय?"

"नाही," मी म्हणाले. "शब्द आणि आकडा ती चिकटवून लिहिणार नाही. मधे जागा सोडायची, हे शिकवताना मी तिच्या बोटांवर पट्टी मारलेली आहे."

"चोरी करताना माणूस जागा सोडत बसतो का?" छोटे साहेब हसले.

डॉक्टर हसले नाहीत. "दोनपर्यंत मला पोलिस नकोत, खोकं हवंय. मी पेशंटजवळ जातो. टंकबाई, तुम्हाला कुणाला काय विचारायचं ते विचारा. सगळ्यांनी उत्तरं द्यायची."

छोटे साहेब फोन कानाला लावून व्हरांड्यात गेले. "मी बाहेरून कुठून मिळतं का बघतो," असं म्हणत होते. सुतळीने माझा चांगला हात धरला. तिचा तळवा गार पडला होता.

"बाई, मावशी मला रोज सकाळी टेबलावर ठेवायला फुलं आणून देतात हो," ती म्हणाली.

३

भांडारात त्या दिवशी एक नवी वस्तू आली होती. टेबलाच्या कडेला, पिस्तुलाच्या आकाराची, बिनवायरची. बारकोड वाचायचं यंत्र. ते बसवून देणारा माणूस अजून दवाखान्यातच होता, एक्स-रेच्या खोलीत दुसरं यंत्र जोडत. त्याला सगळे मशीनवालाच म्हणत होते, मीही तेच म्हणाले.

"या फ्रिजच्या किल्लीशी माझं काय देणंघेणं, मावशी?" तो आधीच वैतागला होता. "मी दहाला आलो, साडेदहाला जोडून दिलं, शिकवलं, इकडे आलो."

"काय जोडलंस ते मला समजेल असं सांग."

"सोपं आहे. ही बोटाच्या पेराएवढी, पेनड्राइव्हसारखी वस्तू कॉम्प्युटरच्या मागे खोचायची. मग माहितीपुस्तकातला हा जोडणीचा कोड यंत्राला दाखवायचा. ते बीप करतं, दोघांची ओळख पटते. संपलं. यंत्र आतून अगदी भोळं आहे. ते फक्त कीबोर्ड आहे, त्याला बोटं लागत नाहीत एवढंच. बारकोडच्या पट्ट्यांखाली जी अक्षरं आहेत ती वाचतं, टाइप करतं, आणि शेवटी एंटर मारतं."

"आणि इथे वापरायचं कसं?"

"प्रत्येक खोक्यावर स्टिकर आहे, भिंतीवर प्रत्येक विभागाचं कार्ड आहे. आधी खोकं, मग कार्ड. म्हणजे काय गेलं आणि कुणाकडे गेलं ते कळतं. एक बीप म्हणजे कॉम्प्युटरकडे पोचलं. यंत्र लांब गेलं तर तीन बीप, मग ते स्वतःच्या पोटात साठवून ठेवतं आणि हा निळा दिवा लुकलुकत राहतो."

मी यंत्र हातात घेतलं. दिवा स्थिर होता. "म्हणजे आत्ता पोटात काही नाही?"

"काही नाही. आणि स्टॉकमध्ये मी मघाशीच पाहिलं. त्या खोक्याची नोंद नाही. यंत्र वापरलंच नाही कुणी."

"शिकवलंस तेव्हा कोण कोण होतं?"

"भांडारच्या ताई होत्या. मोठ्या सिस्टर होत्या, त्यांनी तर वहीत लिहून घेतलं. अँब्युलन्सचे ड्रायव्हरकाका होते." इथे तो पहिल्यांदा हसला. "ते भारी माणूस. मागे कधीतरी दोन चादरींचा आळ आला होता म्हणे त्यांच्यावर. मला विचारतात, सही कुठे? मी म्हटलं, काका, आता बीप म्हणजेच सही. तर म्हणाले, मग बीप वाजल्याशिवाय मी कापसाचा बोळासुद्धा उचलणार नाही."

"छोटे साहेब?"

"होते सुरुवातीला. बीप झालं की झालं, एवढं ऐकलं आणि फोन आला म्हणून निघून गेले. सगळ्यात महत्त्वाचं मी नंतरच सांगितलं."

"काय ते?"

"आधी पडद्यावर स्टॉकची खिडकी पुढे घ्यायची. नाहीतर यंत्र बीप करतं आणि..." एक्स-रेवाल्याने त्याला आतून हाक मारली. "आलोच, मावशी!" म्हणत तो गेला, आणि मी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. बाकीचं ऐकायला थांबायला हवं होतं, पण मला मोठ्या सिस्टरांना गाठायचं होतं.

४

मोठ्या सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. ही खोली भांडाराला लागूनच, मधे पातळ भिंत.

"किल्ली मी त्याच दिवशी परत केली," त्या फणकारल्या. "साहेबांच्या हातात दिली. त्यांनी खणात टाकलेली मी डोळ्यांनी पाहिली. माझ्यावर ढकलतायत का आता?"

"सव्वाअकरा ते पावणेबारा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. भाजलेल्या पेशंटची पट्टी बदलत होते. एकदा सुरू केली की हात सोडता येत नाही. पेशंटला विचारा, त्यांची बायको बाहेर बसलीय तिला विचारा."

"भांडारातून काही ऐकू आलं?"

त्या थांबल्या. हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. "बीप ऐकलं. मला वाटलं सुतळी सराव करतेय."

"कितीदा?"

"एक. थोड्या वेळाने आणखी एक."

"लागोपाठ तीन नाहीत?"

"टंकबाई, मी वहीत लिहून घेतलंय. तीन म्हणजे लांब, एक म्हणजे पोचलं. एक वाजलं. मग परत एक. साडेअकराच्या आत. तेव्हाच अँब्युलन्स सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणून वेळ लक्षात आहे."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माळीणमावशींच्या वॉर्डातून कुणीतरी धावत गेलं, पाठोपाठ ऑक्सिजनची गाडी खडखडत गेली. एकीकडे मावशींचा श्वास, दुसरीकडे माझी पोरगी चोर ठरतेय, आणि माझ्या हातात काय, तर दोन बीप.

पण ते दोन बीप कुठेतरी गेले होते. यंत्राच्या पोटात नाहीत. स्टॉकच्या यादीत नाहीत. आणि एक बीप म्हणजे कॉम्प्युटरकडे पोचलं.

मग पोचलं ते गेलं कुठे?

५

भांडारात सुतळी एकटीच फ्रिजपुढे बसून होती. छोटे साहेब व्हरांड्यात तिसऱ्यांदा का चौथ्यांदा फोन लावत होते, आणि समोरून कुणी उचलत नव्हतं.

मी तिच्या खुर्चीत बसले. अर्ज तसाच होता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मराठी' लिहिलेलं होतं, म्हणजे कीबोर्ड मराठीत टाइप करायला लावलेला. अर्ज मराठीतच असल्यामुळे त्यात नवल नव्हतं.

*ओश०२*

माझी एक खोड आहे. कुठलाही शब्द वाचला की बोटं आपोआप तो टाइप करतात. दुकानाची पाटी वाचली तर मांडीवर, सिनेमात नावं आली तर खुर्चीच्या दांड्यावर. मुलगा म्हणतो, आई, तुझं डोकं बोटांत आहे. तेव्हाही तसंच झालं. 'ओ' साठी डावी करंगळी टेबलावर टेकली. 'श' साठी उजवी तर्जनी प्लॅस्टरमधून खाली वळायला गेली, आणि मनगटातून अशी कळ आली की मी ओरडलेच.

"काय झालं, बाई?"

कळवळत मी कीबोर्डकडे पाहत होते. तीस वर्षांत मी शिकवताना कायम एकच सांगत आले, खाली बघायचं नाही, बटणावर काय छापलंय ते वाचायचं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते मुद्दाम वाचलं. दुखऱ्या बोटाला जे बटण हवं होतं, त्याच्यावर इंग्रजी 'एम' छापलेलं होतं. डाव्या करंगळीखालच्या बटणावर 'ए'.

ए, एम.

मी मान वर केली. भिंतीवर विभागांची कार्डं ओळीने लावलेली होती. प्रत्येकावर पट्ट्या, आणि पट्ट्यांखाली इंग्रजी अक्षरं.

"सुतळी," मी म्हणाले, "राखीव साठ्याच्या खोक्यांवरच्या स्टिकरची सुरुवात कशाने होते?"

"ई आर. इमर्जन्सी रिझर्व्ह. का?"

माझी डावी मधली आणि तिच्या शेजारची तर्जनी टेबलावर एकेकदा पडली.

"डॉक्टरांना बोलाव. मशीनवाल्याला बोलाव. आणि छोट्या साहेबांना सांग, फोन राहू दे, आत या."

६

एक वाजून बारा मिनिटं. डॉक्टर आले ते हातमोज्यांसकट. "दोन मिनिटं," म्हणाले.

"एकच पुरे. या अर्जाला कुणी हात लावू नका. कीबोर्डलाही नाही. सुतळी, फ्रिजमधलं दुसऱ्या औषधाचं कुठलंही राखीव खोकं काढ. मशीनवाल्या, त्याला यंत्र दाखव."

त्याने चाप ओढला. लाल रेघ स्टिकरवर पडली. बीप.

अर्जाच्या शेवटी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणाचंही बोट न लागता, अक्षरं उमटली.

*आई११४३*

मोठ्या सिस्टर दारात होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"खोक्यावर ई आर आहे," मी म्हणाले. "मराठी कीबोर्डवर इंग्रजी कॅपिटल ई च्या जागी 'आ' असतो आणि कॅपिटल आर च्या जागी 'ई'. यंत्र भोळं आहे. कर्सर असेल तिथे लिहितं, आणि कीबोर्डची भाषा असेल त्या भाषेत लिहितं. ११४० ही वेळ नव्हेच, हरवलेल्या खोक्याचा नंबर आहे. आता ते खालच्या ओळीतलं कार्ड दाखव. अँब्युलन्स, गाडी नंबर दोन."

बीप.

*ओश०२*

"ए एम शून्य दोन," मशीनवाला पुटपुटला. "आयला! हेच मी सांगत होतो. खिडकी पुढे नसेल तर बीप होतं आणि अक्षरं भलतीकडेच जाऊन पडतात."

"कुणी ओशाळलेलं नव्हतं," मी म्हणाले. "खोकं अँब्युलन्समध्ये गेलं. साडेअकराच्या आत, रीतसर, दोन बीप देऊन."

डॉक्टरांनी लगेच ड्रायव्हरचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली.

"गाडी चालवताना ते फोन कप्प्यात टाकतात," सिस्टर म्हणाल्या. "उचलणार नाहीत."

"पण त्यांना खोकं दिलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ज्याच्याकडे किल्ली होती त्याने," मी म्हणाले. "मशीनवाल्याकडे किल्ली नाही. सिस्टरांचे दोन्ही हात पट्टीत अडकले होते, साक्षीदार बाहेर बसलाय. राहिली सुतळी. पण हा अर्ज तिचा. ती या खुर्चीत बसली असती तर आधी पडदा चालू केला असता, स्वतःचा अर्ज बाजूला सारला असता आणि मग चाप ओढला असता. हे ज्याने केलं त्याने काळ्या पडद्यासमोर उभं राहून केलं. बीप झालं की झालं, एवढंच त्याला ठाऊक होतं. शिकवणीतून तेवढंच ऐकून उठून गेलेला माणूस एकच आहे. त्याला नोंद नकोच होती. पण काका बीपशिवाय खोकं उचलायला तयार होईनात, म्हणून त्याने बीप वाजवून दाखवलं. नंतर आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यादी पाहिली असणार, नोंद नाही, म्हणून सुटलो असं वाटलं. आणि स्वतःच लिहिलेल्या दोन ओळी त्याने आपल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या."

कुणी कुणाकडे पाहायची गरज उरली नव्हती. छोट्या साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

७

"मी चोर नाही," ते म्हणाले. "मेव्हण्याच्या खाजगी दवाखान्यात आज तपासणी आहे. राखीव विषउतारा साठ्यात दाखवावा लागतो. त्याच्याकडे नव्हता. संध्याकाळी परत आणून ठेवणार होतो. साप आजच निघेल असं मला काय माहीत?"

"निघाल्यावर का नाही बोललात?" डॉक्टरांचा आवाज इतका खाली आला होता की मला भीती वाटली.

"मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, ड्रायव्हर आला, पण सही मागायला लागला. तपासणीवाले समोर बसलेले, त्यांच्यादेखत हा सही कशी देणार? तर ड्रायव्हर खोकं घेऊन निघून गेला. मग मी ड्रायव्हरलाच फोन लावत बसलो. वाटलं, तो येईल, खोकं येईल, कुणाला कळणार नाही."

"आणि मला चोर ठरवलंत," सुतळी म्हणाली. ती रडत नव्हती. मला तिचा हा आवाज माहीतच नव्हता. "माझ्या आईचं नाव घेऊन."

एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. खोकं कुठल्या तरी रस्त्यावर होतं आणि ड्रायव्हरचा फोन कप्प्यात वाजत होता.

"आज दोन नंबरची गाडी कुणाला आणायला गेलीय?" सुतळीनेच विचारलं.

"डायलिसिसच्या आजोबांना," सिस्टर म्हणाल्या.

"त्यांच्या सूनबाई बरोबर असतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, औषधं त्याच नेतात." ती नंबर लावतही होती. "ताई? मी भांडारातून. फोन स्पीकरवर टाका आणि काकांच्या कानाशी धरा. काका, तुमच्याकडे थंड पेटीत एक खोकं आहे?"

"आहे की," गाडीच्या आवाजातून काकांचा आवाज आला. "बर्फात नीट ठेवलंय. पण पोरी, तिथे कुणी सही देईना, बीप करणारंही कुणी नाही. मी काय असंच टाकून येऊ? माझ्या नावावर दोन चादरी आहेत अजून."

"काका, कुठे आहात?"

"पुलाच्या अलीकडे. आजोबांना सावकाश आणतोय, त्यांना धक्के सोसत नाहीत."

फोनवर दुसराच एक थकलेला आवाज आला. "मला सोसतंय रे. हाण गाडी."

८

दोनला आठ कमी असताना भोंगा ऐकू आला. सुतळी यंत्र हातात घेऊन फाटकापर्यंत धावली, मी प्लॅस्टर छातीशी धरून तिच्या मागे. काका उतरले. पन्नाशी उलटलेला, खांदे वाकलेला माणूस, थंड पेटी पोटाशी कवटाळलेली.

डॉक्टरांनी हात पुढे केला. काका मागे सरले.

"आधी बीप."

"अहो, बाई मरायला टेकलीय!" सिस्टर किंचाळल्या.

सुतळीने पेटीचं झाकण उचललं, खोक्यावर लाल रेघ धरली, चाप ओढला.

बीप, बीप, बीप.

"तीन का वाजले?" काकांनी पेटी आणखी घट्ट धरली.

"लांब आलोय म्हणून, काका! त्याच्या पोटात राहिलंय. आत गेलं की सांगेल ते. माझ्यावर विश्वास ठेवा. मलाही आज एका खोक्याचा आळ सोसावा लागलाय."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटी सोडली. डॉक्टर धावत सुटले.

पुढचा सगळा वेळ आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून काढला. काकांनी आजोबांना आत पोचवलं आणि तेही येऊन बसले. छोटे साहेब आपल्या खोलीत दार लावून निवेदन लिहीत होते. अशी पत्रं कशी लिहायची ते मला माहीत आहे, पण त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नसतं.

पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. "डोळे उघडलेत," म्हणाले. "विचारत होत्या, नळ कुणी बंद केला का."

सुतळी तेव्हा रडली. चांगली मोकळी होऊन रडली, आणि मीही मागे राहिले नाही.

मग आम्ही भांडारात गेलो. यंत्र टेबलाजवळ आलं तसं तिने स्टॉकची खिडकी पुढे घेतली, भाषा इंग्रजी केली, आणि पोटात साठवलेलं पाठवून द्यायचा कोड यंत्राला दाखवला. खोकं अकराशे चाळीस परत आल्याची नोंद झाली. निळा दिवा स्थिर झाला. काकांनी स्वतः वाकून खात्री करून घेतली आणि मगच घरी गेले.

मागे अर्ज उघडाच होता. सुतळीने खालच्या ओळी एकेक करून पुसल्या. ओश शून्य दोन गेलं. ११४३ गेलं, त्याच्या वरचं ओश शून्य दोनही गेलं. ११४० चे चार आकडे गेले. मग तिचं बोट थांबलं.

"यापुढे काय लिहू, बाई?" तिने विचारलं. "तीन दिवस मला हेच जमत नव्हतं. आजार काय, कितवा टप्पा, ऑपरेशन कसलं, लिहायला घेतलं की हात चालत नाही."

डॉक्टर दारात उभे होते. ते आत आले, पडद्यावर वाकून त्यांनी वाचलं.

*मला आठ दिवसांची रजा मिळावी. कारण आई*

"पूर्णविराम राहिलाय," मी म्हणाले.

"तो टाक आणि छापून दे," डॉक्टर म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "उद्या सकाळच्या गाडीने नीघ."